सुईच्या अग्राएवढा पुरावा

वैद्यकशास्त्राची दृष्टी जसजशी तीक्ष्ण होत चालली आहे, तसतसे न शोधलेले रोगही सापडू लागले आहेत. पित्ताशयातील खड्याच्या शंकेने, पोटदुखीमुळे किंवा वार्षिक तपासणीचा एक भाग म्हणून माणूस सोनोग्राफी करून घेतो आणि मूत्रपिंडावर अडीच-तीन सेंटिमीटरची घन गाठ असल्याची एक ओळ अहवालात येते. त्या गाठीचा त्याला कसलाही त्रास नसतो. परंतु ती ओळ घरात आली, की पुढचा क्रम जणू ठरूनच गेलेला असतो. सी. टी. स्कॅन होतो, ‘कर्करोगाची दाट शक्यता’ असा शेरा पडतो, आणि रजा, रक्कम व रक्तदाते यांची जुळवाजुळव करून ती गाठ, पुष्कळदा तिच्याबरोबर सबंध मूत्रपिंडही, काढून टाकले जाते. काढलेल्या भागाचा अहवाल मागाहून येतो. तो बहुतेक वेळा कर्करोगाचाच असतो. पण नेहमीच नसतो. जेव्हा नसतो, तेव्हा ते वरातीमागून आलेले घोडे ठरते.

गाठ कशाची आहे, हा प्रश्न शस्त्रक्रियेपूर्वी विचारावयाचा की नंतर, एवढाच खरे म्हणजे हा वाद आहे. स्तनातील, फुप्फुसातील किंवा प्रोस्टेट ग्रंथीतील गाठीबाबत असा वाद आज सहसा उद्भवत नाही. तेथे सुईने ऊतकाचा तुकडा घ्यावयाचा, तो सूक्ष्मदर्शकाखाली पाहावयाचा आणि मग उपचार ठरवावयाचा, ही रीत सर्वमान्य झाली आहे. मूत्रपिंड मात्र दीर्घकाळ या रीतीला अपवाद राहिले. हा अपवाद एके काळी सकारण होता. ती कारणे आता पुष्कळशी उरलेली नाहीत. तरीही शिरस्ता टिकून आहे. तो का टिकला आहे, याचे उत्तर केवळ वैद्यकशास्त्रात सापडत नाही. त्याचा काही भाग अर्थव्यवहारातही शोधावा लागतो.

जुना शिरस्ता

मूत्रपिंडाच्या कर्करोगावरील शस्त्रक्रियेला आजच्या स्वरूपाचा पाया कॅनडातील टोरांटोचे शल्यविशारद चार्ल्स रॉबसन यांनी १९६० नंतरच्या दशकात घातला. मूत्रपिंड, त्याभोवतीची चरबी व आवरण, वरची अधिवृक्क ग्रंथी आणि जवळच्या लसिकाग्रंथी असे सारे एकत्र काढावयाचे, हे त्यांच्या पद्धतीचे सूत्र होते. त्या काळी रुग्ण डॉक्टरकडे येई तो लघवीतून रक्त पडू लागल्यावर, कुशीत दुखू लागल्यावर किंवा हाताला गोळा लागू लागल्यावर. अशा वेळी गाठ चांगलीच वाढलेली असे आणि ती बहुधा घातकच असे. सुईने आणलेला पुरावा त्या रुग्णाच्या बाबतीत काहीच बदलणार नव्हता. शिवाय त्या काळच्या सुया जाड होत्या, गाठीत सुई नेमकी कोठे जात आहे हे डोळ्यांना दिसत नव्हते, आणि मिळालेल्या तुकड्याचे वाचन करण्याची साधनेही तोकडी होती. ‘तपासत बसू नका, काढून टाका’ हा सल्ला त्या परिस्थितीत शहाणपणाचाच होता.

वस्तुतः मूत्रपिंडात सुई घालण्याची कल्पना त्याहून जुनी आहे. कोपनहेगनच्या इव्हरसन आणि ब्रुन या दोन डॉक्टरांनी १९५१ साली सुईने मूत्रपिंडाचे ऊतक काढण्याच्या पद्धतीची माहिती प्रसिद्ध केली, आणि शिकागोच्या कार्क व म्युर्के यांनी १९५४ साली तिच्यात महत्त्वाची सुधारणा केली. मूत्रपिंडाला सूज येणे, लघवीतून प्रथिने जाणे अशा विकारांत ही तपासणी तेव्हापासून रूढ आहे. म्हणजे मूत्रपिंडाला सुईचे वावडे आहे, असे कधीच नव्हते. वावडे होते ते गाठीतील सुईचे.

बदललेला रुग्ण

१९७१ साली हाउन्सफील्ड यांच्या यंत्राने पहिल्या रुग्णाच्या मेंदूचे संगणकीय क्ष-किरण चित्र घेतले आणि १९७९ साली त्यांना कॉरमॅक यांच्यासह नोबेल पारितोषिक मिळाले. त्यानंतर सी. टी. स्कॅन आणि सोनोग्राफी यांचा जगभर प्रसार झाला आणि मूत्रपिंडाच्या गाठींचे स्वरूपच बदलून गेले. आता गाठ रुग्णाला जाणवण्यापूर्वी यंत्राला दिसते. ती लहान असते. आणि गाठ जितकी लहान, तितकी ती निरुपद्रवी असण्याची शक्यता अधिक.

अमेरिकेतील मेयो क्लिनिकने १९७० ते २००० या काळात काढलेल्या २,९३५ गाठींचा हिशेब २००३ साली प्रसिद्ध केला. त्यांपैकी ३७६, म्हणजे सुमारे १२.८ टक्के, गाठी साध्या निघाल्या. परंतु ही सरासरी फसवी आहे. सात सेंटिमीटर किंवा त्याहून मोठ्या गाठींत साध्या गाठींचे प्रमाण अवघे ६.३ टक्के होते, तर एक सेंटिमीटरहून लहान गाठींत ते ४६.३ टक्के होते. चार सेंटिमीटरपर्यंतच्या गाठींपैकी ढोबळमानाने पाचांतील एक साधी असते, असे आज मानले जाते. ऑन्कोसायटोमा ही अशीच एक साधी गाठ. चरबी फारशी नसलेली अँजिओमायोलायपोमा ही दुसरी. स्कॅनमध्ये या दोन्ही हुबेहूब कर्करोगासारख्या दिसू शकतात. दीर्घकाळ चाललेल्या जंतुसंसर्गाने मूत्रपिंडात झालेला गोळाही कर्करोगाची बतावणी करतो. क्षयरोग अद्याप न हटलेल्या आपल्यासारख्या देशात तर हे विशेष ध्यानात ठेवले पाहिजे.

यंत्रे सुधारली म्हणून अनावश्यक शस्त्रक्रिया घटल्या असतील, अशी कोणाचीही अपेक्षा असेल. परंतु अमेरिकेतील एका राष्ट्रीय स्वरूपाच्या पाहणीने, जी २०१५ साली प्रसिद्ध झाली, नेमका उलटा निष्कर्ष दाखविला. कर्करोग समजून काढलेल्या आणि नंतर साध्या ठरलेल्या गाठींची अंदाजी संख्या २००० साली ३,०९८ होती. २००९ साली ती ५,६२४ झाली. नऊ वर्षांत ८२ टक्के वाढ. यंत्रे अधिक दाखवू लागली आणि हात अधिक कापू लागले; मध्ये जो प्रश्न विचारावयाचा, तो विचारला गेला नाही.

सुईचे काम

आजची पद्धत साधी आहे. रुग्णाला पालथे किंवा कुशीवर निजवून त्वचा बधिर करतात. सोनोग्राफी किंवा सी. टी. स्कॅनच्या पडद्यावर पाहत गाठीपर्यंत एक पोकळ नळी नेतात आणि तिच्यातून स्प्रिंगच्या साहाय्याने चालणारी, सुमारे सव्वा मिलिमीटर जाडीची सुई आत सोडून दोन-तीन बारीक तुकडे काढतात. नळी तशीच राहत असल्यामुळे सुई वारंवार आत-बाहेर केली तरी वाटेतील ऊतकांशी तिचा संबंध येत नाही. काही तास विश्रांती घेऊन रुग्ण बहुधा त्याच दिवशी घरी जाऊ शकतो. पुढचे काम विकृतिशास्त्रज्ञाचे. नेहमीच्या रंगद्रव्यांनी उलगडा झाला नाही, तर विशिष्ट प्रथिने ओळखणाऱ्या प्रतिपिंडांच्या कसोट्या तो लावतो.

या पद्धतीचे यश किती, हेही आता पुरेसे स्पष्ट झाले आहे. एकूण ५,२२८ रुग्णांवरील ५७ अभ्यासांचा एकत्रित आढावा २०१६ साली युरोपात प्रसिद्ध झाला. त्यानुसार तपासणीतून निश्चित उत्तर मिळण्याचे प्रमाण सरासरीने ९२ टक्के होते, आणि तुकडा नीट मिळाला असता कर्करोग ओळखण्याची अचूकता ९९ टक्क्यांच्या घरात होती. रॉबसन यांनी जेथे आपली पद्धत घडविली, त्या टोरांटोतूनच २०१५ साली ५२९ रुग्णांचा अनुभव प्रसिद्ध झाला. तेथे पहिल्याच प्रयत्नात ९० टक्के रुग्णांत निदान झाले. ज्यांची तपासणी पुन्हा केली ते धरून हे प्रमाण ९४ टक्क्यांवर गेले. गाठ साधी असल्याचे कळल्यामुळे निदान २६ टक्के रुग्णांत उपचार टाळता येण्याजोगे होते, असा निष्कर्ष त्या डॉक्टरांनी काढला. शहर तेच, विद्या तीच. अर्धशतकात पुराव्याने आपला जुना नियम स्वतःच दुरुस्त केला. विज्ञानाची रीत ती हीच.

आक्षेप आणि त्यांचे मोल

या तपासणीविरुद्धचे आक्षेप गैरलागू आहेत, असे मात्र नाही. पहिला आक्षेप सर्वांत जुना आणि घरोघरी ऐकू येणारा: सुई टोचली की कर्करोग पसरतो. ही भीती निव्वळ अंधश्रद्धा नव्हे. सुईच्या वाटेवर कर्करोगाच्या पेशी सांडल्याची उदाहरणे नोंदली गेली आहेत. ब्रिटनमधील एका मोठ्या केंद्राने २०१९ साली अशा सात रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. ती दडविण्याचे काही कारण नाही. परंतु जगभर झालेल्या हजारो तपासण्यांच्या तुलनेत अशा घटना विरळ आहेत, आणि पोकळ नळीच्या पद्धतीने हा धोका आणखी कमी होतो, असे मानले जाते. विरळ धोका आणि वारंवार होणारे नुकसान यांना एकाच तराजूत घालून पाहिले पाहिजे. पहिल्याच्या भीतीने दुसऱ्याकडे दुर्लक्ष करणे हा न्याय नव्हे.

दुसरा आक्षेप रक्तस्रावाचा. मूत्रपिंडात रक्तवाहिन्यांचे जाळे दाट असते, हे खरे आहे. तपासणीनंतर शंभरांपैकी सुमारे आठ रुग्णांना काही ना काही उपद्रव होतो. पण तो बहुधा आपोआप जिरणाऱ्या रक्ताच्या गाठोळ्यापुरता असतो आणि गंभीर प्रसंग क्वचितच येतो. रक्त पातळ करणारी औषधे चालू असलेल्या रुग्णाबाबत अर्थात आधी काळजी घ्यावी लागते.

तिसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. दहांपैकी एखाद्या वेळी सुई उत्तरच आणत नाही. आणि उत्तर न मिळणे म्हणजे कर्करोग नसणे नव्हे. अमेरिकेतील एका आढाव्यात, तपासणीत कर्करोग न आढळताही ज्यांची पुढे शस्त्रक्रिया झाली, त्यांपैकी एकतृतीयांशाहून अधिक रुग्णांत कर्करोग निघाला. हे रुग्ण मुळातच डॉक्टरांच्या मनात शंका उरली म्हणून शस्त्रक्रियेसाठी निवडलेले होते, हे लक्षात घेतले तरी इशारा स्पष्ट आहे. ऑन्कोसायटोमा आणि तिच्याशी साम्य असलेला एक प्रकारचा कर्करोग यांत इवल्याशा तुकड्यावरून भेद करणे निष्णात विकृतिशास्त्रज्ञालाही कधी कधी कठीण जाते. गाठीचा एक भाग सौम्य आणि दुसरा उग्र असू शकतो. म्हणून ‘साधी’ असे उत्तर आलेल्या रुग्णाला निर्धास्त करून घरी पाठवावयाचे नसते. त्याच्यावर नजर ठेवावयाची असते. सुईचा पुरावा हा साक्षीदार आहे, न्यायाधीश नव्हे. परंतु साक्षीदार क्वचित चुकतो म्हणून खटला साक्षीवाचूनच चालवावा, असे कोणी म्हणणार नाही.

माहितीची किंमत

यासंबंधीचा सर्वांत मार्मिक विचार पॉकर आणि कासिरर या अमेरिकन डॉक्टरांनी १९८० साली मांडला. त्यांचे म्हणणे असे, की कोणतीही तपासणी तिच्या उत्तराने निर्णय बदलणार असेल तरच सार्थ ठरते. रोगाची शक्यता अगदी कमी असेल तर तपासू नये, स्वस्थ बसावे. अगदी जास्त असेल तरी तपासू नये, उपचार करावा. या दोन सीमांमधल्या प्रदेशातच तपासणीचे खरे मोल असते. दहा सेंटिमीटरची, रक्तवाहिनीत शिरलेली गाठ वरच्या सीमेपलीकडे आहे. तेथे शस्त्रक्रिया शक्य असेल तर सुईला कामच नाही. अडीच सेंटिमीटरची, पासष्टीच्या मधुमेही माणसात अवचित सापडलेली गाठ मात्र त्या मधल्या प्रदेशात ठळकपणे बसते.

समजा, अशा लहान गाठी असलेले शंभर रुग्ण आहेत. त्यांपैकी वीस जणांच्या गाठी साध्या असतील. सर्वांची शस्त्रक्रिया केली तर ऐंशी जणांना कदाचित लाभ होईल आणि वीस जणांना केवळ तोटा. सर्वांची सुईने तपासणी केली तर सुमारे दहा जणांबाबत उत्तर मिळणार नाही, काहींना किरकोळ उपद्रव होईल. पण त्या विसांपैकी मोठा हिस्सा शस्त्रक्रियेतून सुटेल. उरलेल्या ऐंशींतही काहींचा कर्करोग इतका मंदगती असेल, की वृद्ध व दुबळ्या रुग्णाने थांबून पाहणेच इष्ट ठरेल. हे शेवटचे विधान धाडसाचे वाटेल. परंतु अमेरिकेत २००९ साली सुरू झालेल्या एका नोंदवहीत ४९७ रुग्णांपैकी २२३ जणांनी तात्काळ शस्त्रक्रियेऐवजी देखरेखीचा मार्ग पत्करला; पाच वर्षांनंतर कर्करोगाने मृत्यू न येण्याचे प्रमाण उपचार घेतलेल्यांत ९९ टक्के आणि देखरेखीखालील रुग्णांत १०० टक्के होते.

शस्त्रक्रियेची किंमत केवळ रुग्णालयाच्या बिलात मोजून भागत नाही. न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन-केटरिंग या संस्थेने ६६२ रुग्णांवर केलेला अभ्यास २००६ साली प्रसिद्ध झाला. केवळ गाठीचा भाग काढलेल्यांपैकी ८० टक्क्यांचे मूत्रपिंडाचे कार्य तीन वर्षांनंतरही ठरावीक पातळीच्या वर टिकण्याचा संभव होता. सबंध मूत्रपिंड काढलेल्यांत हेच प्रमाण ३५ टक्के होते. याचा आयुर्मानावर नेमका किती परिणाम होतो, याविषयी तज्ज्ञांत मतभेद आहेत. परंतु ज्याला आधीच मधुमेह किंवा रक्तदाब आहे, त्याच्या दृष्टीने ही शिल्लक खर्च करून टाकणे म्हणजे पुढच्या आजारपणासाठी राखलेली पुंजीच मोडणे होय. त्यातच आपल्याकडे आरोग्यावरील खर्चाचा मोठा वाटा अद्याप माणसाच्या खिशातूनच जातो. राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार हा वाटा २०१३-१४ मध्ये ६४.२ टक्के होता. २०२१-२२ मध्ये तो ३९.४ टक्क्यांवर आला. घट स्वागतार्ह आहे. पण दर शंभर रुपयांतील चाळीसएक रुपये घरातून जात असतील, तर मध्यमवर्गीय कुटुंबाला अनावश्यक शस्त्रक्रिया ही केवळ शारीरिक दुखापत राहत नाही.

मग स्वस्त माहिती मागे आणि महाग कृती पुढे, असे का व्हावे? अर्थशास्त्रज्ञ केनेथ ॲरो यांनी १९६३ साली आपल्या गाजलेल्या निबंधात दाखवून दिले होते, की वैद्यकसेवेचा बाजार इतर बाजारांसारखा नसतो, कारण येथे विकत घेणाऱ्याला आपण काय घेत आहोत हे कळत नसते आणि विकणाऱ्यावर विश्वास टाकण्यावाचून त्याला गत्यंतर नसते. आपल्या विम्याच्या रचनेने या अडचणीत भर घातली आहे. सर्वसाधारण मेडिक्लेम विमा रुग्णालयातील मुक्कामाभोवती उभारलेला असतो. केवळ तपासणी व निदान यांसाठी रुग्णालयात दाखल झाल्यास तो खर्च देय नाही, असे विम्याच्या प्रमाणित अपवादांतच नमूद आहे. उलट, दाखल होण्यापूर्वीच्या ठरावीक दिवसांतील तपासण्यांचा खर्च, पुढे त्याच आजारासाठी रुग्णालयात उपचार झाले तर, मिळू शकतो.

याचा अर्थ नीट पाहिला पाहिजे. सुईच्या तपासणीत कर्करोग निघाला आणि शस्त्रक्रिया झाली, तर त्या तपासणीचे पैसे परत मिळण्याची वाट मोकळी. गाठ साधी निघाली आणि शस्त्रक्रिया टळली, तर मात्र ती वाट बहुधा बंद. ज्या तपासणीने विमा कंपनीचा लाख-दोन लाखांचा खर्च वाचविला, तिचेच पैसे रुग्णाने भरावयाचे! ठरावीक उपचाराला ठरावीक रक्कम देणाऱ्या सरकारी योजनांतही मूळ तत्त्व कृतीचा मोबदला हेच असते. कृती टाळण्याच्या शहाणपणाला तेथे शीर्षक नसते. या व्यवस्थेत कोणी दुष्ट असावयास लागत नाही. प्रत्येकाने प्रामाणिकपणे आपले काम केले, तरी पाणी उताराकडेच वाहणार.

स्तनाच्या कर्करोगाचा धडा

असा उतार बदलता येतो, याला इतिहासाचा आधार आहे. अमेरिकेत १९७० नंतरच्या काळापर्यंत स्तनातील गाठीसाठी स्त्रीला भूल दिली जाई, त्याच वेळी तुकडा तपासला जाई आणि तो घातक दिसला तर शुद्धीवर येण्यापूर्वीच स्तन काढलेला असे. रोझ कुशनर या पत्रकार स्त्रीने, स्वतः त्या रोगाची रुग्ण असताना, या पद्धतीविरुद्ध आवाज उठविला. निदान एका दिवशी आणि शस्त्रक्रिया दुसऱ्या दिवशी, मध्ये विचाराला अवधी, एवढीच तिची मागणी होती. १९७९ साली तेथील राष्ट्रीय आरोग्य संस्थांच्या तज्ज्ञ परिषदेने ही मागणी मान्य केली. त्या वेळीही ‘उशीर होईल’, ‘रोग पसरेल’ हेच आक्षेप पुढे आले होते. आज त्या दोन पायऱ्यांविषयी कोणाच्या मनात संदेहही उरलेला नाही.

आपल्याकडे कायद्यानेही तीच दिशा दाखविली आहे. निदानासाठी दिलेली संमती ही शस्त्रक्रियेची संमती मानता येणार नाही, आणि उपचाराचे स्वरूप, धोके व अन्य पर्याय रुग्णाला सांगितले गेले पाहिजेत, असे सर्वोच्च न्यायालयाने २००८ सालच्या एका निकालात स्पष्ट केले. मूत्रपिंडावरील लहान गाठीच्या बाबतीत सुईची तपासणी आणि देखरेख हे ‘अन्य पर्याय’च आहेत. ते न सांगता घेतलेली सही ही पुरी संमती कशी म्हणावी?

कोणाला हवी, कोणाला नको

याचा अर्थ दिसली गाठ की टोचली सुई, असा मात्र कोणी करू नये. पाण्याने भरलेल्या गाठींसाठी सुई सहसा उपयोगी नाही. त्यांचे वर्गीकरण स्कॅनवरूनच करण्याची पद्धत बोस्नियाक यांनी १९८६ साली घालून दिली आहे. स्कॅनमध्ये चरबी स्पष्ट दिसणाऱ्या अँजिओमायोलायपोमाला सुईची गरज नसते. मूत्रमार्गाच्या अस्तरातून उद्भवलेल्या कर्करोगाची शंका असेल, तर सुई कटाक्षाने टाळावी लागते. निरोगी तरुण रुग्णाला कसलीही अनिश्चितता नको असेल, किंवा अतिवृद्ध रुग्णावर काहीही निघाले तरी उपचार करावयाचेच नसतील, तर तपासणीचा आग्रह व्यर्थ होय. उलट, अन्य अवयवाचा कर्करोग पूर्वी होऊन गेलेला असेल, लिम्फोमाची किंवा जंतुसंसर्गाची शंका असेल, शस्त्रक्रियेऐवजी गाठ उष्णतेने वा शीतप्रयोगाने नष्ट करावयाची असेल, किंवा रोग पसरलेला असून केवळ औषधे द्यावयाची असतील, तर आधी ऊतकाचा पुरावा घेणे अगत्याचे ठरते. युरोप-अमेरिकेतील तज्ज्ञ संस्थांची मार्गदर्शक तत्त्वेही साधारण याच दिशेने जातात.

आपल्याकडे आणखी दोन अडचणी आहेत. मूत्रपिंडाच्या गाठींच्या वाचनात मुरलेले विकृतिशास्त्रज्ञ मोठ्या शहरांत एकवटलेले असतात, आणि देखरेखीखाली ठेवलेला रुग्ण सहा महिन्यांनी परत येईलच याची शाश्वती नसते. दोन्ही अडचणी खऱ्या आहेत. पण त्या अजिंक्य नाहीत. मेणाच्या ठोकळ्यात जतन केलेला ऊतकाचा तुकडा टपालानेही प्रवास करू शकतो; रुग्णाने मुंबईस जाण्याऐवजी तुकड्याने जावे. २०१२ साली टाटा मेमोरियल केंद्राच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या राष्ट्रीय कर्करोग जाळ्यासारखी यंत्रणा अशा कामासाठी उपयोगी पडू शकेल. आणि जो देश पोलिओच्या थेंबांसाठी घरोघर पोहोचला, त्याला काही हजार रुग्णांना वेळेवर पत्र धाडणे अशक्य असू नये.

म्हणून मागणी माफक आहे. विमा नियामकाने अवयव काढण्यापूर्वीची ऊतक-तपासणी, तिचा निष्कर्ष काहीही निघो, देय खर्चात धरावी. सरकारी योजनांनी निदानाला उपचाराहून वेगळे, स्वतंत्र मोल द्यावे. लहान गाठीसाठी सबंध मूत्रपिंड काढताना, सुईची तपासणी का केली नाही याची एक ओळ रुग्णपत्रिकेत लिहिणे रुग्णालयांनी बंधनकारक करावे. कारण योग्य असेल तर ती ओळ लिहिण्यास कोणालाच अडचण पडणार नाही. आणि रुग्णाच्या नातेवाइकांनी ‘शस्त्रक्रिया कधी?’ हे विचारण्यापूर्वी ‘ही गाठ साधी असण्याचा संभव किती, ते आधी कळू शकेल काय, आणि कळले तर उपचार बदलेल काय?’ असे विचारण्यास संकोच करू नये. चांगल्या डॉक्टरला या प्रश्नांचा राग येत नाही.

सुईच्या अग्रावर मावेल एवढीही भूमी देणार नाही, या दुर्योधनाच्या हट्टापायी पुढचा सारा संहार घडला, असे महाभारत सांगते. येथे मागितला जात आहे तो सुईच्या अग्रावर मावेल एवढा पुरावा. तो मागणे हा डॉक्टरवरचा अविश्वास नव्हे, की रोगाला दिलेली सवलत नव्हे. काढलेले मूत्रपिंड परत बसविता येत नाही. आठ दिवस उशिराने केलेली शस्त्रक्रिया मात्र लहान गाठीच्या बाबतीत बहुधा तितकीच गुणकारी असते. ज्या निर्णयात एक बाजू सुधारता येते आणि दुसरी येत नाही, तेथे आधी विचारणे यालाच व्यवहार म्हणतात.